सणाआधी स्वयंपाकघर आवरताय? या चुका टाळा

एका सणाच्या तीन दिवस आधीची गोष्ट. सगळे डबे जमिनीवर उतरवलेले, फ्रिज बंद करून सताड उघडा, चिमणीची जाळी कढत सोड्याच्या पाण्यात बुडालेली आणि दुपारी जेवायचं ताट ठेवायला ओट्यावर वीतभर जागा नाही. संध्याकाळी बादलीतून जाळी काढली तर चांदीसारखी चमकणारी जाळी काळीकुट्ट झालेली. तेल गेलं होतं हे खरं, पण त्याबरोबर जाळीचं रूपही गेलं. ती जाळी ॲल्युमिनियमची होती आणि धुण्याच्या सोड्याचं ॲल्युमिनियमशी पटत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर अनेकींच्या स्वयंपाकघरात आवराआवरीला हातभार लावला. बहुतेक ठिकाणी घोटाळा एकच: बाटल्या पाच आणल्या जातात, घासण्या तीन, पण समोरचा मळ कशाचा आहे आणि तो कशावर बसलाय हे कोणी बघतच नाही.

मळ न ओळखता घासायला लागणे

स्वयंपाकघरात मुख्यतः तीन प्रकारचा मळ असतो. पहिला तेलाचा: चिमणी, टाइल्स, कपाटांच्या वरच्या कडा, पंख्याची पाती. दुसरा पाण्यातल्या क्षारांचा: नळाभोवतीचा पांढरा थर, किटलीच्या तळाची खपली. तिसरा करपलेला: बर्नरच्या ताटल्या, ओव्हनचा तळ, कढईची बाहेरची बाजू.

तेलकट मळाला सोडा आणि साबण लागतो, म्हणजे अल्कली. क्षारांना आंबट लागतं: व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड. करपलेल्याला वेळ लागतो. भिजवून ठेवायचं आणि दुसरं काम करायचं. हे उलटंपालटं झालं की मनगटं दुखतात आणि डाग जागच्या जागी राहतो. नळावरचा पांढरा थर भांड्यांच्या साबणाने तासभर घासणारी माणसं मी पाहिली आहेत. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवलं असतं तर तो बोटाने निघाला असता. (नळाला सोनेरी किंवा रंगीत मुलामा असेल तर हे करू नका, मुलामा उतरू शकतो.)

तेलाचं जुनं किटण इतकं हट्टी का असतं, हेही सांगते. फोडणीची वाफ वर जाते, तेलाचा पातळ थर बसतो आणि उष्णता व हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो हळूहळू घट्ट होत वार्निशसारखा होतो. कालचं तेल फडक्याने पुसलं जातं, सहा महिन्यांचं जात नाही. त्याला जोर लावून उपयोग नसतो. गरम पाण्यात साबण आणि सोडा घालून फडकं भिजवा, त्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा आणि मग पुसा. हातात मोजे असू द्या, धुण्याच्या सोड्याने कातडी सोलवटते.

आता पृष्ठभाग. संगमरवर आणि चुनखडीच्या जातीचे सगळे दगड आंबटाने खाल्ले जातात; लिंबू सांडलं की तिथली चकाकी जाते आणि निस्तेज ठिपका उरतो. तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही, पॉलिश करावं लागतं. स्टीलच्या सिंकमध्ये ब्लीच तसंच ठेवलं तर बारीक खड्डे पडतात. लोखंडी काथ्याचे तुकडे सिंकमध्ये राहिले तर ते गंजतात आणि आपण सिंकला नावं ठेवतो. प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या कपाटांवर सरळ पाणी ओतलं तर कडा फुगतात, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. तिथे पिळलेलं फडकं आणि लगेच मागून कोरडं फडकं, एवढंच. तो पांढरा ‘जादूचा’ स्पंजसुद्धा खरं तर अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. चकचकीत लॅमिनेटवर फिरवला की चकाकी जाते.

जाळी ॲल्युमिनियमची की स्टीलची हे कसं ओळखावं? लोहचुंबक चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर मात्र खात्री नाही, कारण काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही. वजनाला हलकी, बोटाने सहज वाकणारी असेल तर ॲल्युमिनियम धरून चाला आणि फक्त भांड्यांचा साबण व गरम पाणी वापरा. काळी पडलीच तर सायट्रिक ॲसिड घातलेल्या गरम पाण्यात ठेवून बघा, काळेपणा बराच उजळतो. माझी जाळी अशीच सुधारली, पण पहिली चमक काही परत आली नाही.

फेसाला भुलणे

खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफस होते, बघायला मजा येते आणि व्हिडिओत छान दिसतं. पण तिथे अल्कली आणि आम्ल एकमेकांना संपवत असतात. उरतं ते मुख्यतः पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तेल काढायची सोड्याची ताकद गेली, क्षार काढायची व्हिनेगरची ताकद गेली. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळे, मध्ये पाण्याने धुऊन.

हे मिश्रण निदान निरुपद्रवी आहे. ब्लीचचं तसं नाही. ब्लीच आणि कुठलंही आम्ल (व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड) एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियावाला काचेचा क्लीनर एकत्र आला की क्लोरामाइन. बंद स्वयंपाकघरात दोन्ही जिवावर बेतू शकतात. डोळे चुरचुरले, घसा धरला तर पुसत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नका.

जंतुनाशकाबद्दलही एक गैरसमज असतो: फवारलं आणि लगेच पुसलं. बाटलीवर किती मिनिटं ओलं राहू द्यायचं ते लिहिलेलं असतं, तेवढा वेळ द्यावा लागतो. आणि तेलकट ओट्यावर ते फवारून फारसा फायदा नाही. आधी साबणाने साफ, मग जंतुनाशक.

खालून वर जाणे, आणि सगळं एका दिवसात उरकणे

आधी माळा, मग पंखा, चिमणी, वरची कपाटं, टाइल्स, ओटा, खालच्या ट्रॉल्या आणि शेवटी फरशी. सगळ्यांना पाठ असलेला नियम, तरी दर वर्षी कोणीतरी ओटा लखलखीत करून मग पंख्याला हात घालतं. आणखी एक, कोरडी धूळ आधी कोरड्यानेच काढा. धुळीवर ओलं फडकं मारलं की चिखल होतो.

पंखा, चिमणी, मिक्सर यांना हात लावण्यापूर्वी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा किंवा मेन स्विच बंद करा. आणि डळमळत्या स्टुलावर उभं राहून माळा आवरू नका.

सणाच्या दोन-तीन आठवडे आधी रोज एक कप्पा, हे मला सगळ्यात झेपणारं गणित वाटतं. पहिल्या आठवड्यात तर धुऊच नका. फक्त काय काय शिल्लक आहे ते बघा आणि ते संपवायला घ्या. रिकामा डबा धुणं सोपं असतं.

डबे धुऊन लगेच भरणे

डबा कोरडा दिसतो, पण झाकणाच्या आट्यांमध्ये आणि रबराच्या कडीखाली पाणी असतं. त्यात पीठ भरलं की आठवड्याने गुठळ्या आणि महिन्याने बुरशी. झाकण वेगळं करून रात्रभर उपडं ठेवा, सकाळी भरा. उन्हात ठेवलं तर आणखी चांगलं, मात्र प्लास्टिक फार वेळ नको.

नवं धान्य जुन्यावर ओतणं ही दुसरी सवय. जुनं तळाशी वर्षानुवर्षं राहतं आणि किडे तिथेच वाढतात. जुनं आधी बाहेर काढा, नवं तळाशी घाला, जुनं वर. नाहीतर जुनं वेगळ्या छोट्या डब्यात काढून आधी संपवा.

‘डबा घट्ट होता, तरी टोके कुठून आले?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ते बहुधा बाहेरून आलेलेच नसतात. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. दाणा वरून धडधाकट दिसतो. म्हणजे आपण अंड्यांसकट धान्य आणतो आणि घट्ट डब्यात सुरक्षित ठेवतो. त्यावर घरचा उपाय फ्रीजरचा: धान्य किंवा पीठ पिशवीत बंद करून उणे १८ अंश सेल्सियसला चार दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ आत जमून धान्य ओलं होईल. कण एकमेकांना चिकटून जाळी धरली असेल तर ती पाखरांच्या अळ्यांची खूण. अशा वेळी शेजारचे डबेही उघडून बघा आणि फळीवर अंथरलेला कागद उचला. त्याच्याखाली आणि फळीच्या कोपऱ्यांत कोष दडलेले असतात. तेवढा एकच डबा फेकून थांबलात तर महिन्याभरात पाखरं परत.

फ्रिजशी घाई

बर्फ सुटत नाही म्हणून सुरी घालणं हा फ्रिज मोडायचा खात्रीचा मार्ग. भिंतीमागच्या नळीला भोक पडलं की गॅस निघून जातो, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून सणाचा उत्साहही. बंद करून दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. काचेचे कप्पे काढल्यावर लगेच गरम पाण्याखाली धरू नका, तडकतात.

आतलं सामान बाहेर किती वेळ चालतं? दूध, शिजवलेलं अन्न, मांस-मासे दोन तासांच्या वर नको. म्हणून फ्रिज साफ करायला असा दिवस निवडा, जेव्हा तो जवळजवळ रिकामा असेल. सणाच्या आदल्या दिवशी कधीच नाही. पुन्हा चालू केल्यावर आतलं तापमान ५ अंशांच्या खाली आलं की मगच सामान भरा, आणि ठासून भरू नका. गार हवेला फिरायला जागा लागते. दाराचं रबर सैल झालंय का ते कागदाने कळतं. दारात कागदाचा कपटा धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटला तर रबर साफ करायला किंवा बदलायला झालंय.

आधी डबे विकत घेणे

एकसारख्या पारदर्शक बरण्यांची रांग बघून मोह होतो, मलाही होतो. पण काय ठेवायचंय, किती ठेवायचंय हे ठरण्याआधी आणलेल्या बरण्यांपैकी अर्ध्या रिकाम्या राहतात, आणि मग त्याच ठेवायला जागा शोधावी लागते. आधी काढून टाका, मग मोजा, मग फळीची खोली आणि उंची पट्टीने मोजा, आणि शेवटी खरेदी.

मांडणी करताना येणारे दिवस डोळ्यांसमोर ठेवा. रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात. जड पातेली आणि कुकर खाली, हलकं आणि क्वचित लागणारं वर. पाहुण्यांची मोठी पातेली मात्र सणापुरती माळ्यावरून खाली आणून ठेवा, ऐन गर्दीत स्टूल शोधायला नको. मसाल्यांचे डबे शेगडीच्या शेजारच्या कपाटात हाताशी असतात हे खरं, पण तिथल्या उष्णतेने आणि वाफेने त्यांचा वास लवकर उडतो. आणि डब्यावर भरल्याची तारीख लिहा. ‘मला आठवेल’ म्हणणाऱ्यांना आठवत नाही.

आवरून झाल्यावरच्या तक्रारी

सफाईनंतर झुरळं जास्त दिसू लागली? सामान हललं म्हणून ती बाहेर पडली. स्वयंपाकघरातल्या लहान, फिकट तपकिरी झुरळाच्या अंड्यांच्या एका कोषात ३०-४० अंडी असतात आणि फवाऱ्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून एकदा औषध मारून भागत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा मारावं लागतं. जेल लावलं असेल तर त्यावर फवारा मारू नका. झुरळं ते खातच नाहीत.

सिंकमधून वास येतोय? खालच्या वाकड्या नळीत पाणी साठलेलं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. नळी काढून साफ केली आणि नीट बसवली नाही, तर ते पाणी टिकत नाही. आधी तिथे बघा. प्लास्टिकच्या नळीत उकळतं पाणी मात्र ओतू नका, ती मऊ पडून सांधे सुटतात.

गॅसची ज्योत पिवळी दिसते? धुतलेल्या बर्नरमध्ये पाणी राहिलं असेल तर थोडा वेळ तशी दिसते आणि मग निळी होते. दहा मिनिटांनंतरही पिवळी असेल, भांड्यांचे तळ काळे होत असतील, तर भोकं बुजली आहेत किंवा बर्नर तिरका बसलाय. बंद करून, थंड झाल्यावर भोकं सुईने मोकळी करा आणि नीट बसवा. शेगडी हलवली होती म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर गॅस मागूनच बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि दुरुस्तीवाल्याला घराबाहेर जाऊन फोन करा. त्या दिवशीचं जेवण बाहेरून मागवा.