गोठ्यातल्या मरतुकीमागच्या नेहमीच्या चुका

उदगीरकडच्या गावांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून फिरताना मला एक गोष्ट वारंवार दिसली: जनावर कशाने गेले याचे कारण गाव चुकीचे ठरवते आणि त्यामुळे तीच चूक पुढच्या पावसाळ्यात पुन्हा होते.

सर्वांत घातक चूक म्हणजे नळ्याने औषध पाजणे. एका देवणी बैलाचे पोट फुगले तेव्हा मालकाने मी पोहोचण्याआधीच त्याची मान वर ताणली, जीभ बाहेर ओढून धरली आणि बांबूच्या नळ्याने गोडेतेल ओतले. पोट उतरले, आणि "आता तुमचं काय काम, साहेब?" असे मलाच ऐकावे लागले. तिसऱ्या दिवशी बैलाला ताप चढला, श्वासाला दुर्गंधी आली आणि पाचव्या दिवशी तो गेला. गावाच्या लेखी तो पोटफुगीने मेला. वास्तविक जीभ धरल्यामुळे त्याला गिळता आले नव्हते आणि तेल फुप्फुसात उतरले होते. मी स्वतः जीभ कधीच धरत नाही. तोंड जमिनीला समांतर ठेवून गालाच्या कडेने घोट घोट सोडतो आणि ठसका लागताच डोके मोकळे करतो. घटसर्प या जनावरांच्या जीवघेण्या रोगात घसाच सुजलेला असतो, तेव्हा तोंडावाटे काहीही देऊ नये. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही.

दुसरी चूक लशीच्या वेळेची. घटसर्प आणि फऱ्या (मांसल भागाला सूज आणणारा रोग) यांची लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून मी मे अखेरीस रोहिणी नक्षत्र सुरू व्हायच्या आत टोचणी संपवण्याचा आग्रह धरत असे. लोक मात्र शेजारचे जनावर दगावल्यावर येतात. ज्याच्या अंगात रोग आधीच मुरला आहे ते लशीनंतर मेले की दोष लशीच्या माथी बसतो आणि पुढच्या वर्षी अख्खी गल्ली जनावरे रानात हाकून मोकळी होते.

कापणीनंतर ज्वारीच्या धांड्यांना फुटलेले कोवळे पोंगे चारू नयेत. त्यांतून होणारी विषबाधा म्हणजे किराळ, आणि किराळ लागलेले जनावर डॉक्टर येईपर्यंतही तग धरत नाही.

लम्पी या त्वचारोगाच्या साथीत, 2022 साली, शासनाने दगावलेल्या दुधाळ गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये जाहीर केले होते. पंचनाम्याआधीच खड्डा बुजवणारे नंतर हेलपाटे घालत राहिले.

अचानक मेलेल्या आणि नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त येणाऱ्या जनावराची कातडी मात्र कुणीही काढू नये, कारण तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो.