उन्हाळ कांद्याच्या लागवडीआधी गुडघ्याची गादी शिवून ठेवा

उळं, म्हणजे रोपासाठीचं कांद्याचं बी, टाकून झालंय, रोप वाफ्यावर हिरवं दिसायला लागलंय. लागवडीला अजून सहा-सात आठवडे आहेत. या दिवसांत आपण खतं, मजूर, पाण्याच्या पाळ्या यांची जुळवाजुळव करतो. त्यातच एक संध्याकाळ मशीनवर बसा आणि लागवडीला, खुरपणीला बसणाऱ्या प्रत्येकासाठी गुडघ्याच्या गादीचा एक जोड शिवा. डिसेंबर उजाडला की कुणालाच वेळ मिळत नाही.

कांद्याचं काम गुडघ्यावर किती येतं, हे हिशोब मांडला की कळतं. १५ बाय १० सेंटीमीटरवर लावायचं म्हटलं तर एकरात सुमारे २ लाख ७० हजार रोपं बसतात. वरंबे आणि पाट वजा केले तरी दोन लाखांच्या वर जातात, आणि त्यातलं एकूण एक रोप हाताने लावायचं. पुढे महिन्याभरात खुरपणी येते. कांद्याची पात बारीक आणि उभी, ती जमीन झाकत नाही, म्हणून तण जोरात येतं. दहा सेंटीमीटरच्या अंतरात कोळपं, म्हणजे ओळींमधून ओढायचं तण काढायचं अवजार, चालत नाही. लव्हाळा आणि हराळी खुरप्यानेच काढावी लागते. बायका आधी उकिडव्या बसतात, पाय भरून आले की एक गुडघा टेकतात, मग दुसरा. दुपारपर्यंत दोन्ही गुडघे ढेकळांवर आणि खड्यांवर घासलेले असतात.

गुडघ्याच्या वाटीपुढे, कातडीच्या लगेच खाली, एक पातळ पिशवी असते. कातडी आणि हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती असते. रोज तासन्‌तास दाब आला की ती सुजते, तिच्यात पाणी धरतं. ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणून आपण तेल चोळत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा त्याच गुडघ्यावर वाफ्यात बसते.

मी ब्लाउज शिवते आणि घरच्या दीड एकरात कांदाही करते. तरीही ही गादी मला तिसऱ्या खेपेला जमली. पहिल्या दोन खेपांना काय चुकलं ते सांगते, म्हणजे तुमचं कापड वाया जाणार नाही.

पहिली गादी जुन्या सोफ्याच्या स्पंजाची, दोन इंच जाड. वर सुती कापड आणि मागून एकच इलास्टिक. सासूबाईंना घालून शेतात पाठवलं. सकाळच्या दवाने स्पंज भिजला, पाणी पिऊन जड झाला आणि दहाच्या आत घोट्यापर्यंत उतरला. इलास्टिक बरोबर लवणीत, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या खळग्यात काचलं, तिथे लाल वळ उठला. “अगं, हे बांधण्यापेक्षा माती बरी,” असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या वेळी लहान मुलांच्या खेळायच्या, कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या चटईचा तुकडा घेतला. हा फोम पाणी पीत नाही, दाबूनही चपटा होत नाही, म्हणून सामान तेच धरा. जुन्या हवाई चपलेचा तळही चालतो. पण मी तो एकसंध चौकोन ठेवला होता. गुडघा वाकला की तो वाकेना, खालची कड नडगीत रुतायची आणि सगळी गादी आडवी फिरायची.

म्हणून तिसऱ्या खेपेला फोमच्या तीन आडव्या पट्ट्या केल्या. १० मिलीमीटर जाडीच्या, प्रत्येक १६ सेंटीमीटर लांब. वरची ६ सेंटीमीटर रुंद, मधली ८, खालची ७. पट्ट्यांमध्ये एकेक सेंटीमीटर मोकळं सोडून टीप मारली की गादी नेमकी त्या टिपांवर वाकते. शिवाय खालच्या पट्टीत फोमचा आणखी एक थर घाला. गुडघा टेकल्यावर खरा भार वाटीच्या खालच्या टोकावर आणि नडगीच्या सुरुवातीला जे उंचवट्याचं हाड हाताला लागतं त्यावर येतो. जाडी तिथे हवी, वाटीवर नको.

कापडाला जुनी जीन्स उत्तम. आतलं कापड २८ बाय २१ सेंटीमीटर कापा, बाहेरचं ३१ बाय २३, कारण फोमची जाडी बाहेरच्या कापडात जागा मागते. बेतताना पाय सरळ ठेवू नका. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवा आणि आधी वर्तमानपत्राचा कागद बसवून पाहा. पाय जाड-बारीक असतील तर रुंदी त्याप्रमाणे बदला. वरची, खालची आणि दुसऱ्या पायाकडची बाजू शिवा, पायाच्या बाहेरच्या अंगाची बाजू उशीच्या अभ्र्यासारखी उघडी ठेवून वर झडप द्या. म्हणजे फोम काढून कापड धुता येतं.

बाहेरच्या कापडावर, फोम भरण्याआधीच, स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा शिवून घ्या. सराट्याचा काटा जीन्समधून आरपार जातो, ट्यूब त्याला बरीच अडवते आणि ओलही आत येऊ देत नाही. ट्यूब मशीनच्या पायाखाली चिकटते आणि टाके एकावर एक पडतात. वर कागदाची पट्टी ठेवून शिवा, मग कागद फाडून काढा. सुई १८ नंबरची, दोरा नायलॉनचा, टाका मोठा. एप्रिलमध्ये काढणीला मात्र काळी ट्यूब उन्हात चटका देते, त्या वेळच्या जोडाला ताडपत्रीचा तुकडा लावा. कीटकनाशकाची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी कितीही धुतली तरी वापरू नका.

पट्टे दोन हवेत आणि दोन्ही लवणीपासून लांब. वरचा मांडीवर, रुंद इलास्टिकचा. खालचा गुडघ्याच्या चार बोटं खाली, पोटरीवर. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, हाडाचं टोक लागतं. त्याला लागूनच एक नस जाते. पट्टा तिथे आवळला तर पावलाला मुंग्या येतात. तसं झालं तर लगेच सैल करा. वेल्क्रो लावू नका. दोन दिवसांत त्यात कुसळं आणि माती बसते आणि ते धरत नाही. शाळेच्या जुन्या दप्तराचं बकल काढून लावा, नाहीतर सरळ नाडी. गाठ बाहेरच्या बाजूला घ्या.

साडीवरून बांधायची असेल तर आधी निऱ्या गुडघ्यावरून बाजूला सारा. गादीखाली चुणी राहिली तर तीच दिवसभर टोचते. आमच्या टोळीतल्या बायका आतून जुनी लेगिंग घालतात आणि त्यावर गादी बांधतात. ते सगळ्यात चांगलं बसतं.

पाणी सोडलेल्या वाफ्यात चिखलात लागवड करत असाल तर ही गादी तिथे उपयोगाची नाही. चिखल धरून ती जड होते आणि खालची कातडी भिजून सोलवटते. कोरड्यात लावून मग पाणी देत असाल, किंवा खुरपणीला, काढणीला, तिचा पुरेपूर फायदा होतो. ठिबकावर रुंद गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उचललेला सपाट वाफा, केला असेल तर आणखी सोयीचं. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत वाफा १२० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच आणि मधली सरी ४५ सेंटीमीटर आहे. सरीत गुडघे टेकले की दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा वाफा हाताच्या टप्प्यात येतो, आणि कांदाही तुडवला जात नाही.

गादी आहे म्हणून तासभर एका जागी बसू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, दोन पावलं चाला. उकिडवं बसल्याने गुडघ्याच्या आत जी झीज होते ती या गादीने थांबत नाही. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल, अंगात ताप असेल, तर गादी बांधून कामाला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनीही आधी त्यांनाच विचारा.

संध्याकाळी फोम काढून माती झटका, कापड धुवा, सावलीत वाळवा. तणनाशक फवारलेल्या वाफ्यातून आलात तर घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळं धुवा. एकाची गादी दुसऱ्याने बांधू नये, खाज-गजकर्ण पसरतं. म्हणून पट्ट्यावर प्रत्येकीच्या नावाचं पहिलं अक्षर रंगीत दोऱ्याने काढून ठेवा. आणि सगळे जोड एकदम कापू नका. आधी एक शिवा, घरात जी रोज खुरपायला बसते तिला अर्धा दिवस घालायला द्या, कुठे काचतं ते विचारा, मग बाकीचे बेता.