लिमिट होल्डेममध्ये (ठरावीक बेटच्या पोकरमध्ये) अपुऱ्या हातावर रेज केव्हा करावा

समजा, तुमच्या हातात बदामाचा एक्का आणि गुलाम आहे आणि फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत) किलवरचा राजा, बदामाची सत्ती व दुर्री उघडली आहे. न दिसलेल्या 47 पत्त्यांत बदामाचे 9 पत्ते उरतात, म्हणजे रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या सामाईक पत्त्यापर्यंत) फ्लश, म्हणजे बदामाचे पाच पत्ते, पुरा होण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. समोर तीन खेळाडू टिकून असतील, तर पॉटमध्ये (जमलेल्या रकमेत) पडणाऱ्या प्रत्येक नव्या बेटचा चौथाच हिस्सा तुमचा असतो, त्यामुळे येथे रेज करणे (बेट वाढवणे) हे धाडस नसून निव्वळ हिशेब आहे. मात्र रेजमुळे मागचे खेळाडू पळणार असतील, तर कॉलच (समोरच्याइतकीच बेट भरणे) बरा.

एकच प्रतिस्पर्धी उरला असेल, तर हे गणित उलटते आणि तो पत्ते टाकेल का, हाच प्रश्न उरतो. शेवटपर्यंत कॉल करत राहणाऱ्याला घाबरवण्यात अर्थ नाही.

शेवटी बोलण्याची पाळी तुमची असेल, तर आणखी एक सोय आहे. टर्नला (चौथ्या सामाईक पत्त्याला) बेट दुप्पट होत असल्यामुळे फ्लॉपवर रेज केल्यास बाकीचे पुढे बहुधा चेक करतात (बेट न लावता पाळी सोडतात) आणि रिव्हरचा पत्ता फुकट दिसतो; तीन छोट्या (फ्लॉपच्या दराच्या) बेटऐवजी दोनच खर्ची पडतात. (चलाख प्रतिस्पर्धी पुन्हा रेज करतो, तेव्हा ही बचत बुडते.)

टर्नला मात्र हात आखडावा, कारण तीच शक्यता आता 46 पैकी 9 पत्त्यांवर, म्हणजे 20 टक्क्यांच्याही किंचित खाली आलेली असते. टेबलावर जोडी पडली असेल, तर फ्लशला हरवणाऱ्या फुल हाउसच्या (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) धास्तीने फ्लॉपवरही सबुरी ठेवावी.