पायाच्या नखाला बुरशी लागली असेल तर

पायाच्या अंगठ्याचे नख पिवळट दिसू लागले की बहुतेक जण आधी त्याकडे दुर्लक्ष करतात आणि ते जाड होऊन बुटात टोचू लागले की औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम आणून चोळू लागतात. या दोहोंच्या मध्ये तपासणीची पायरी राहून जाते. बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्याच नखांत बुरशी सापडते. उरलेल्यांत घट्ट बूट, जुना मार किंवा सोरायसिस हा त्वचाविकार अशी कारणे निघतात आणि तिथे बुरशीचे औषध वर्षभर लावले तरी नख तसेच राहते.

बुरशीची लागण बहुधा नखाच्या टोकाकडून किंवा कडेने सुरू होते. पांढुरका वा पिवळसर डाग हळूहळू मुळाच्या दिशेने सरकतो, नख जाड आणि ठिसूळ होते, खालच्या कातडीपासून सुटू लागते आणि त्या पोकळीत खडूच्या चुऱ्यासारखा भुगा साचतो. नेलकटर लावला तर असे नख सरळ कापले जात नाही, त्याचे कपचे उडतात. त्याच पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील किंवा तळव्याला कोरडा कोंडा सुटत असेल, तर शंका बळावते, कारण दोन्हीकडे बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम हीच बुरशी असते आणि ती कातडीवरून नखात उतरते.

सोरायसिसमध्ये नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसतात, आणि तसेच खळगे हाताच्या नखांवरही असू शकतात. माराने साकळलेल्या रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो व त्याच्यामागून स्वच्छ नख येते. नख हिरवट झाले असेल, तर तिथे बहुधा जिवाणू असतात. मात्र एकाच नखात उभी काळी किंवा तपकिरी रेघ उमटून ती रुंदावत असेल, किंवा तिचा रंग शेजारच्या कातडीवर पसरू लागला असेल, तर त्वचेच्या कर्करोगाची शक्यता तपासण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे.

तपासणीसाठी नमुना कुठून घेतला जातो, याला फार महत्त्व आहे. टोकाच्या सुट्या कपच्यात बुरशी बऱ्याचदा मेलेली असते. जिवंत बुरशी असते ती रोगट आणि निरोगी नखाच्या सीमेजवळ, म्हणून नख मागेपर्यंत कापून तिथला भुगा खरवडून घ्यावा लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तो विरघळवला की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, अहवाल यायला काही आठवडे लागतात, पण बुरशीची जात त्यातूनच कळते. आधीपासून एखादे औषध लावत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे, नाहीतर अहवाल फसवा येतो. एकदा बुरशी दिसली नाही, तरी लक्षणे तीच असतील तर तपासणी पुन्हा करावी.

उपचार निवडताना नखाचा किती भाग गेला आहे, हे पाहतात. निम्म्याहून कमी भाग बिघडला असेल, मूळ शाबूत असेल आणि एक-दोनच नखे असतील, तर 5 टक्के अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचे लॅकर (नेलपॉलिशसारखे लावायचे औषध) आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावले जाते. त्याआधी नखाचा वरचा थर कानशीने घासून, स्पिरिटने पुसून, कोरडा होऊ द्यावा. हा घासण्याचा कंटाळा केला तर जाड नखातून औषध खाली पोहोचत नाही. ती कानस निरोगी नखांना लावू नये. नख फारच जाड असल्यास 40 टक्के युरियाचे मलम त्याला मऊ करते. लॅकर नऊ ते बारा महिने लावावे लागते, आणि माझ्या मते बहुतेकांचा उपचार फसतो तो औषधामुळे नव्हे, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाटली फडताळात गेल्यामुळे.

लागण मुळापर्यंत गेली असेल किंवा अनेक नखांना असेल, तर गोळ्याच जास्त गुणकारी ठरतात. प्रौढांना टर्बिनाफाइन सहसा रोज 250 मिलिग्रॅम याप्रमाणे बारा आठवडे देतात. यकृताचा विकार असणाऱ्यांनी ते घेऊ नये, म्हणून सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी केली जाते. जिभेची चव गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा मळमळ थांबेना, तर गोळी बंद करून डॉक्टरांना गाठावे. इट्राकोनॅझोल हा दुसरा पर्याय आहे, परंतु हृदय कमकुवत झालेल्यांना तो चालत नाही आणि इतर अनेक औषधांशी त्याचे पटत नाही, त्यामुळे चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी आधीच दाखवावी. गर्भवती स्त्रियांनी यांपैकी कोणतीही गोळी स्वतःहून घेऊ नये. मधुमेह्यांनी तर घरी नख कोरण्याच्या फंदातच पडू नये. बधिर पायाला झालेली छोटी जखमही चिघळू शकते.

पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. औषध बिघडलेले नख दुरुस्त करत नाही, ते फक्त नव्याने येणाऱ्या नखाला वाचवते. त्यामुळे बारा आठवड्यांनी गोळ्या संपतात तेव्हा मुळाशी चार-पाच मिलिमीटरचीच स्वच्छ पट्टी दिसते आणि पूर्ण नख बदलायला बारा ते अठरा महिने जातात. उपचार सुरू करताना निरोगी भागाच्या सीमेवर कानशीने एक उथळ आडवी रेघ ओढून ठेवावी. ती पुढे सरकली आणि मागे नख स्वच्छ राहिले, तर औषध लागू पडते आहे. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे आला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

ही बुरशी अनेकांना पुन्हा लागते, आणि ती बहुधा चिखल्यांतून परत येते. म्हणून बेचक्यांना नखांच्या औषधाबरोबरच बुरशीनाशक क्रीम लावावे, आंघोळीनंतर ती कोरडी पुसावीत, मोजे रोज बदलून गरम पाण्यात धुवावेत, एकच बूट सलग दोन दिवस घालू नयेत आणि नेलकटर घरात कोणाशीही वाटून घेऊ नये.