जुन्या कौलावर ऑर्किड

बेळगाव-खानापूर भागात जुनं घर उतरवलं की मंगळुरी कौलांचा ढीग परसात पडतो. डेंड्रोबियम किंवा सीतेची वेणी अशी झाडावर वाढणारी ऑर्किडं लावायला ती उत्तम, कारण भाजलेली माती पाणी शोषते आणि मुळं तिला घट्ट धरतात.

कौल ब्रशने घासून दिवसभर पाण्यात भिजवा. रंग दिलेलं नको. ओलं असतानाच ६ मिमीच्या मेसनरी बिटने (वीट-दगडासाठीच्या ड्रिलच्या पात्याने) भोकं पाडा, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारा मोड, मात्र बंद ठेवा, नाहीतर कौल तडकलंच म्हणून समजा. टांगायला अॅल्युमिनियमची तार घ्या. तांब्याची मुळांना बाधते.

रोप जुन्या सुती साडीच्या पट्टीने बांधा. ते हललं की मुळांची कोवळी हिरवी टोकं घासून मरतात. बुडाशी नारळाची सोडणं कोंबायचा मोह टाळा: आपल्याकडच्या पावसात ती आठवडेच्या आठवडे ओली राहतात आणि मुळं कुजतात. कोळशाचे दोन-चार तुकडे पुरे.

कौल तिरपं, पूर्वेकडे टांगा. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोन वेळा पाणी. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा.

सिमेंटचे जुने पत्रे मात्र कापू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक.