रंगारी यायच्या आधी: सायीच्या रंगांतून एक निवडताना

दसऱ्याआधी घराचा रंग उरकायचा असेल तर शेड ठरवायला आठ दिवस राखून ठेवा, आणि ते दुकानात नव्हे, घरात घालवा. मोतिया, हस्तिदंती, सायीचा, बदामीकडे झुकलेला, हे रंग शेडकार्डावर सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. भिंतीवर चढले की एक पिवळट निघतो, एक गुलाबीसर, एक हिरवट. ती झाक आधीच पकडायला कार्डाशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि त्याच पट्टीवरची सर्वांत गडद शेड बघा. फिकटात लपलेलं तिथे उघडं पडतं.

तीनच शेड घरी आणा, लहानात लहान डब्यात. जुन्या भिंतीवर थेट लावू नका, भोवतीचा रंग डोळ्याला फसवतो. दोन फुटी पुठ्ठ्याला प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, त्यावर रंगाचे दोन हात, कडेला पांढरी पट्टी मोकळी. रात्रभर वाळू द्या, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग, वाळल्यावर थोडं गडद होतं.

मग पुठ्ठे घरभर फिरवा: सकाळी, दुपारी चारला, दिवे लागल्यावर. उत्तरेच्या खोलीत उजेड निळसर, थंड असतो. तिथे उबदार शेडही फिकी पडते. सहकारनगरच्या आमच्या हॉलसमोर गुलमोहर आहे. पावसाळ्यात त्याची हिरवाई भिंतीवर उतरते आणि हिरवट झाकेचा क्रीम तिथे अगदी आजारी दिसला.

दिवे मात्र रंगाआधी ठरवा. मागच्या वेळी मी दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली पिवळसर शेड पसंत केली. घरी २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळ्या उजेडाचे बल्ब. पहिल्याच संध्याकाळी हॉल हळदीच्या दुधासारखा झाला, आणि पाच वर्षं तो तसाच बघावा लागला. बल्ब बदलायचेच असतील तर पुण्यातल्या दिव्यांच्या बाजाराची, तपकीर गल्लीची फेरी आधी मारा.

पुठ्ठा फरशीला टेकवूनही बघा. कोट्याच्या हिरवट करड्या फरशीशेजारी गुलाबीसर झाक जास्तच उठून दिसते. स्विचबोर्ड आणि छत शुभ्र असेल, तर त्यांच्याजवळ गडद क्रीम मळका वाटतो.

ओल असेल तर ती आधी काढा. लांबीचे, म्हणजे पुट्टीचे उंचवटे झाकायला मॅट, बिनचकाकीचा रंग बरा. ठरलेल्या शेडचे सगळे डबे एका बादलीत एकत्र करून मगच लावायला सांगा, आणि शेडचा कोड, बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग), फिनिश (मॅट की चकचकीत) कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवा.