अबोली मरते ती पायांनी

अबोली लावायला फारशी अक्कल लागत नाही. पावसाळा काढायला लागते. गोव्यातल्या आमच्या फोंडा महालात, म्हणजे तालुक्यात, तुळशीवृंदावनाच्या आसपास अबोलीचं एखादं झुडूप नाही असं घर शोधावं लागेल. मे महिन्यात कुणीतरी माहेराहून रोप आणतं, मिरगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसात, ते लागतं, जुलैत चांगलं तरारतं, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की एका सकाळी मान टाकतं. मग बाजारात जाऊन फाती, म्हणजे अबोलीची वेणी, विकत आणायची आणि 'आमच्या मातीला अबोली मानवत नाही' म्हणून मोकळं व्हायचं. मानवते. वीस वर्षं मी लावतेय. त्यातली पहिली चार वर्षं मीही ऑगस्टात झाडं उपटून खताच्या खड्ड्यात टाकत होते.

रोप

केशरी गावठी अबोली बियांवर येते, फांदीवरही येते. जिला आपण 'दिल्ली' म्हणतो, ती गडद, मोठ्या पाकळीची, तिला बी धरत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे ती वांझ. ती फक्त फांदीवरच वाढवायची. तेव्हा 'दिल्ली अबोलीचं बी' असं लिहिलेलं पाकीट कुणी पुढे केलं तर पैसे खिशातच ठेवा. मी एकदा घेतलं होतं. उगवलं ते काय होतं हे मला अजून कळलेलं नाही, अबोली नव्हती एवढं खरं.

गावठीचं बी एप्रिल-मेमध्ये धरावं. फुलं संपून वाळलेली कणसं तपकिरी झाली की कापून सुती पिशवीत घालायची आणि पिशवीचं तोंड बांधून टाकायचं. बांधायचंच, कारण या बोंडांना पाणी लागलं की ती फुटतात. आम्ही लहानपणी वाटीभर पाण्यात मूठभर बोंडं टाकायचो आणि कान लावून बसायचो. क्षणभर काही नाही, मग टच्, टच्, टचाटच, आणि बिया थेट भिंतीवर. झाडावर ठेवलीत तर वळवाची पहिली सर येईल आणि बी परसभर उडेल. तशी आपसूक उगवलेली रोपंही चांगली असतात, पण ती नेमकी पायवाटेवर उगवतात.

जुलैत पडवीत, पावसाची झड लागणार नाही अशा जागी, बी पेरावं. मागच्या वर्षीचं शिळं बी वापरू नये, निम्मं वाया जातं. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. फांदी लावायची असेल तर बोटभर लांब, तीन-चार पेरांची, कोवळीही नाही आणि जूनही नाही अशी घ्यावी. खालची पानं काढून ओल्या रेतीत खोचायची. पावसाळ्याची हवा बाकीचं काम करते, महिन्याभरात मुळं दिसतात.

पाऊस, आणि पाय

आता मुद्द्याचं. लग्नानंतर मी या घरी आले त्या वर्षी, एका माहितगार गृहस्थांच्या सल्ल्याने, दीड-दीड फुटाचे अकरा खड्डे मारून घेतले. खाली जांभा, त्यामुळे गडी पिकाव घेऊन दोन दिवस खपला. खड्ड्यांत छान काळी माती, शेणखत, सगळं यथासांग भरलं आणि मिरगाला अबोली लावली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक झाड मलूल दिसलं. मी त्याला पाणी घातलं! बाहेर धो धो पाऊस, आणि मी दुपारच्या उघडिपीत तांब्या घेऊन उभी. चवथीपर्यंत अकरातली नऊ गेली.

सासूबाईंनी एक झाड ओढून काढलं आणि मुळावर नख फिरवलं. उकडलेल्या बटाट्याची सुटते तशी मुळाची साल सुटून त्यांच्या नखात आली, आत राहिला तपकिरी दोरा. वास साचलेल्या गटाराचा. "पांय कुसल्यात गो तिचे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चार ओळी आणखी बोलल्या असत्या तर माझी पुढची तीन वर्षं वाचली असती. पण मी 'पाय कुजले' याचा अर्थ 'खड्डा लहान पडला' असा लावला आणि दुसऱ्या वर्षी दोन फुटांचे मारले.

गोम खड्ड्यातच आहे. जांभा पाणी पितो हे खरं, पण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिरगानंतर पंधरा-वीस दिवसांत त्या जांभ्याचं पोट भरतं. मग तुमचा खड्डा म्हणजे दगडाचं घंगाळ, आणि अबोली त्यात पाय सोडून बसलेली. मुळांना हवा मिळत नाही, ती मऊ पडतात आणि मातीतली बुरशी आत शिरते. अबोलीची मर म्हणतात ती बहुतेक फ्युजॅरियम नावाच्या बुरशीची. तिला वाट करून देतात सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे मातीतले जंत, जे मुळांना आधीच भोकं पाडून ठेवतात. ही जोडी जमली की वर काहीही फवारा, झाड जात नाही असं होत नाही.

म्हणून माझा एकच हट्ट आहे: अबोलीसाठी खाली खणू नका, वर रचा. जांभ्याचे फुटके चिरे कुठल्याही घरामागे पडलेले असतात. ते मांडून गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढा, निदान फूटभर उंच वाफा करा. चिऱ्यांच्या मधल्या फटी सिमेंटने लिंपू नका, पाणी तिथूनच जाणार आहे. (आमच्या गवंड्याने दिसायला बरं म्हणून लिंपल्या होत्या. मी छिन्नी घेऊन परत उघडल्या.) आत दोन भाग परसातली माती, एक भाग नदीची जाड रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दर झाडामागे मूठ-दोन मूठ कडुनिंबाची पेंड. रेती समुद्रावरची आणू नका, फुकट मिळते म्हणून तर मुळीच नाही, मीठ घेऊन येते ती. वाफ्याचा माथा सपाट ठेवू नका, भाताच्या मुदीसारखा मध्ये उंच करा.

तपासायचं असेल तर संध्याकाळी वाफ्यावर बादलीभर पाणी ओता. तुम्ही बादली जागेवर ठेवून परत येईपर्यंत पाणी वर दिसता कामा नये. दिसलं तर रेती वाढवा. आणि वाफा पागोळ्यांखाली येत नाही ना ते बघा. माझा तिसऱ्या वर्षाचा वाफा उंच होता, देखणा होता, आणि बरोबर छपराच्या नळ्यांच्या धारेखाली होता.

दुसरा हट्ट मिरगाचा. मिरगाला सगळं लावायचं ही आपली सवय भाताची. अबोली चवथीनंतर, पाऊस ओसरू लागला की लावा, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. कोवळ्या रोपाने पहिलाच जुलै उघड्यावर का काढावा? ऑक्टोबरात लावलेलं रोप पुढच्या पावसाळ्यापर्यंत आठ महिन्यांचं होतं, त्याच्या मुळांना जीव आलेला असतो. शेजारच्या वहिनी यावर अजून माझ्याशी वाद घालतात. त्यांची अबोली दर वर्षी नवी असते.

आणि झाड मलूल दिसलं की हातातला तांब्या खाली ठेवा. आधी बोट मातीत दोन पेरं घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली आणि झाड तरी मान टाकलेलं, म्हणजे तहान नव्हे, मर. खात्री हवी असेल तर एक फांदी बुडाशी कापून उभी चिरा, आत तपकिरी रेघ वर चढत गेलेली दिसेल. असं झाड वाचवत बसू नका. मुळासकट, भोवतालच्या मातीसकट काढा आणि जाळा. खताच्या खड्ड्यात टाकू नका. चार वर्षं मी तेच करत होते आणि तेच खत पुढच्या वर्षी नव्या झाडांना घालत होते.

जागा, खत, पाणी

माडाखाली चालेल, फणसाखाली नाही. माडाच्या झावळांतून हलतं ऊन मिळतं, ते अबोलीला आवडतं. फणसाच्या गच्च सावलीत नुसती पानं येतात. झाडांमध्ये दीड-दोन फूट अंतर. नोव्हेंबर ते मे एक दिवसाआड पाणी आणि वर पातेऱ्याचं, म्हणजे वाळक्या पानांचं, आच्छादन. पावसाआधी तो पातेरा बुडापासून ओढून काढा. खत दोन महिन्यांतून एकदा, ओंजळभर. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाचं पाणी, बास.

फुलं

लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत कणसं येतात. फुलं खालून वर उमलत जातात, एक कणीस दोन-तीन आठवडे पुरतं. एक दिवसाआड सकाळी उन्हं चढायच्या आत, पाकळीच्या नळीला धरून हलकं ओढलं की फूल हातात येतं. वास नसतो, पण ओल्या फडक्यात ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही टवटवीत असतं, मोगऱ्याला हे जमत नाही. फाती करताना केळीच्या सोपटाचा दोरा घ्या, भिजवून. नायलॉनने देठ कापले जातात.

फुलं संपलेलं कणीस बी नको असेल तर लगेच कापायचं. आळस केला की झाड बी भरण्यात गुंततं आणि नवी कणसं थांबतात. मोठी छाटणी वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, वीत-सव्वा वीत ठेवून, थोडी पानं राहू देऊन. भर पावसात कात्री लावू नये.

तीन वर्षांनंतर

तीन वर्षांनी झाड खोडकट होतं, फुलं बारीक येतात. काढून टाका, आणि त्याच मातीत लगेच नवी अबोली लावू नका. तिथे वांगी, भेंडी, मिरचीही नको, त्याच सूत्रकृमी त्यांच्याही मुळांना गाठी करतात. एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणा, कडा मातीने दाबा आणि महिना-सव्वा महिना तसाच तापू द्या. काळं प्लास्टिक नको, त्याने माती तेवढी तापत नाही. मग जुलैत त्या वाफ्यात झेंडू लावा. 'अबोलीशेजारी एक झेंडू लावा म्हणजे कृमी पळतात' हे जे सांगत फिरतात, त्यांनी मुळं कधी उपटून बघितलेली नसतात. एका झेंडूने काही होत नाही. अख्खा वाफा दाटीने भरायचा, निदान अडीच-तीन महिने, तेव्हा त्याच्या मुळांतला रस मातीत काम करतो. दसऱ्याला दाराला, गाडीला, कोयती-पिकावाला हार होतील एवढी फुलं निघतात. दसरा झाला की झेंडू उपटायचा आणि पडवीत तयार झालेली अबोली त्या वाफ्यात न्यायची.